डीएनएची घडी आणि जनुकीय मजकुराची मर्यादा

सजीवांच्या पेशीतील डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असून तो एकदा अखेरपर्यंत वाचून काढला की आजार, वंश आणि देहधर्म यांची कोडी आपोआप सुटतील, अशी समजूत गेल्या पाव शतकात शालेय पाठ्यपुस्तकांपासून थुंकीच्या नमुन्यावरून प्रकृतीचे भाकीत करणाऱ्या तपासण्यांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र रुजली आहे. ही समजूत खोटी नाही, पण उथळ आहे. पेशी हा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही. सुमारे दोन मीटर लांबीचा हा धागा काही मायक्रॉन रुंदीच्या पेशीकेंद्रात ज्या रीतीने दुमडला जातो, त्या घडीवरून कोणते जनुक कोणत्या नियंत्रकाच्या आवाक्यात येईल आणि कोणते मुके राहील हे बऱ्याच अंशी ठरते. ही घडी स्थिर नसते, ती दर पेशीत वेगळी असते आणि क्षणोक्षणी बदलते, म्हणून ती नुसती पाहून समजत नाही. भौतिकीच्या नियमांवर उभारलेले संगणकीय प्रतिमान, म्हणजे मॉडेल, हे तिच्या आकलनाचे अपरिहार्य साधन आहे आणि त्याला प्रयोगाची सजावट किंवा प्रयोगाची स्वस्त नक्कल समजणे ही मूलभूत चूक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मजकुराच्या कल्पनेने काय दिले, काय झाकले

मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा जून २००० मध्ये जाहीर झाला, २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले आणि त्यातूनही वाचायचा राहिलेला सुमारे ८ टक्के भाग २०२२ मध्ये वाचून झाला. भारतात जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती जमा केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अक्षरे माहीत नसतील तर पुढचा कोणताच प्रश्न विचारता येत नाही.

परंतु अक्षरे हाती आल्यावर जे दिसले, त्याने मजकुराच्या कल्पनेलाच तडा गेला. माणसाच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी प्रथिनांची कृती सांगणारा भाग २ टक्क्यांहूनही कमी निघाला आणि मधुमेह, हृदयविकार, स्थूलता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांशी जोडले गेलेले बहुसंख्य अक्षरभेद जनुकांच्या बाहेर, वरवर पाहता ओसाड वाटणाऱ्या प्रदेशात सापडले. स्थूलतेशी निगडित असलेले अक्षरभेद एफटीओ नावाच्या जनुकाच्या पोटात आढळले म्हणून कित्येक वर्षे त्याच जनुकाला दोषी धरले गेले. २०१४ मध्ये मात्र असे दिसून आले की तो प्रदेश प्रत्यक्षात लाखो अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स-३ या जनुकाशी संपर्क साधतो. ओळीत शेजारी असलेले निर्दोष आणि ओळीत दूर असलेले संबंधित, हा निष्कर्ष मजकूर कितीही वेळा वाचला तरी हाती लागला नसता.

याहून साधा पुरावा प्रत्येकाच्या देहात आहे. एकाच माणसाच्या यकृतपेशीत, चेतापेशीत आणि अस्थिमज्जेतील लाल पेशींच्या पूर्वज पेशीत मजकूर जवळजवळ अक्षरशः तोच असतो. तरीही हिमोग्लोबिन भरभरून तयार होते ते फक्त तिसऱ्या ठिकाणी.

२. उल्हासनगरच्या परिचयाचा आजार आणि दोन प्रकारची तूट

हा प्रश्न अमूर्त नाही आणि महाराष्ट्रापासून दूरचाही नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा ठळकपणे जास्त आहे. त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारे आणि त्या रक्तातून साठत जाणारे लोह उतरवण्यासाठी जन्मभर औषधे घेणारे मूल ही उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि तेथून चामटोलीकडे पसरत चाललेल्या वस्तीला केवळ वैद्यकाच्या पुस्तकातून कळणारी गोष्ट नाही.

हिमोग्लोबिनचा रेणू दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचा बनतो. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. आई आणि वडील दोघेही सदोष प्रतीचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. सिंधी कुटुंबांत वारंवार आढळणाऱ्या दोषांपैकी एक म्हणजे या जनुकाच्या शेवटाकडील ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असणे. येथे मजकुराची कल्पना पूर्ण खरी ठरते: वाक्य अर्धवट आहे, म्हणून प्रथिन बनत नाही.

आता दुसरी तूट पाहावी. १९८० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समधील एका कुटुंबाच्या अभ्यासात असे गुणसूत्र सापडले की ज्यावरील बीटा जनुक शाबूत होते, त्याचे एकही अक्षर चुकलेले नव्हते, आणि तरी ते मुके होते. गळाला होता तो जनुकाच्या वरच्या अंगाचा लाखभर अक्षरांचा प्रदेश. पुढे स्पष्ट झाले की या गळालेल्या भागातच ग्लोबिन जनुकसमूहाचे मुख्य नियंत्रक क्षेत्र होते, जे बीटा जनुकापासून सुमारे ५०,००० अक्षरांच्या अंतरावर असते. इतक्या दूरचे क्षेत्र जनुकाला चालू कसे करते, याचे उत्तर २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून मिळाले: लाल पेशींच्या पूर्वजांत मधला धागा वेटोळ्यासारखा बाहेर टाकला जातो आणि नियंत्रक व जनुक एकमेकांशेजारी येतात, मेंदूच्या पेशीत हे घडत नाही.

शेजारी येणे हे कारण आहे की परिणाम, ही शंका अर्थातच रास्त होती. फिलाडेल्फियातील गेर्ड ब्लोबेल यांच्या गटाने २०१२ मध्ये तिचा निकाल लावला. त्यांनी कृत्रिम प्रथिनाच्या साहाय्याने नियंत्रक आणि जनुक यांना जबरदस्तीने एकत्र आणले आणि निद्रिस्त जनुक जागे झाले. दोन वर्षांनी त्यांनी याच युक्तीने प्रौढ माणसाच्या पेशींत गर्भावस्थेतील, जन्मानंतर बंद पडणारे ग्लोबिन जनुक पुन्हा चालू करून दाखवले. अक्षर एकही न बदलता केवळ घडी बदलून जनुकाचे वर्तन बदलता येते, हे यापेक्षा स्वच्छपणे सिद्ध करणारा प्रयोग दाखवणे कठीण आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या, गर्भावस्थेतील हेच ग्लोबिन पुन्हा चालू करणाऱ्या उपचारातही कात्री ग्लोबिन जनुकाला लावली जात नाही. ती लागते बीसीएल११ए नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या, फक्त लाल पेशींच्या वंशात काम करणाऱ्या वर्धकाला, म्हणजे जनुकाचे काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला.

३. घडीचे थर

घडी किती टोकाची आहे हे एका हिशेबाने कळते. सुमारे १० कोटी अक्षरांचे एखादे मानवी गुणसूत्र सर्व प्रथिने काढून पाण्यात मोकळे सोडले, तर ते सरळ रेषेत राहणार नाही, वाकडेतिकडे गोळा होईल. तरीही पॉलिमरच्या, म्हणजे एकसारख्या घटकांच्या लांब साखळीच्या, साध्या सूत्रानुसार त्या गोळ्याचा विस्तार ५० मायक्रॉनच्या पुढे जाईल. पेशीकेंद्राचा व्यास जेमतेम १० मायक्रॉन, आणि त्यात अशी ४६ गुणसूत्रे मावायची असतात.

पहिला थर न्यूक्लिओसोमचा. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्याप्रमाणे हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती डीएनए गुंडाळला जातो. प्रत्येक गठ्ठ्याभोवती १४७ अक्षरजोड्या, पावणेदोन फेऱ्यांच्या आतबाहेर. डीएनए आणि ही प्रथिने मिळून होणाऱ्या द्रव्याला क्रोमॅटिन म्हणतात. सर्वांत वरचा थर गुणसूत्रांच्या स्वतंत्र प्रदेशांचा: पेशीकेंद्रात गुणसूत्रे एकमेकांत कालवली जात नाहीत, प्रत्येकाचा आपला इलाखा असतो. ही कल्पना १८८५ मध्ये कार्ल राब्ल यांनी सुचवली आणि सुमारे शंभर वर्षांनी थॉमस व क्रिस्टोफ क्रेमर या बंधूंच्या लेसर प्रयोगांनी ती पक्की केली. हे इलाखेही अढळ नसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बी. जे. राव यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की डीएनएला इजा झाल्यावर काही गुणसूत्रांचे इलाखे आपली जागा बदलतात आणि दुरुस्तीनंतर परततात.

या दोन थरांमधला प्रदेश, हजारो ते लक्षावधी अक्षरांचा, हाच खरा वादाचा आणि खरा महत्त्वाचा. ग्लोबिनचे वेटोळे याच पट्ट्यात पडते.

४. पाहणे पुरेसे का नाही

या पट्ट्याची माहिती देणारे प्रमुख तंत्र म्हणजे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले हाय-सी. पेशीकेंद्रात जे तुकडे एकमेकांना चिकटून असतात ते रसायनाने जागच्या जागी जखडायचे, डीएनए कापायचा, शेजारच्या टोकांची गाठ मारायची आणि मग त्या गाठी वाचायच्या. गुणसूत्रावरील कोणते स्थान कोणत्या स्थानाच्या संपर्कात किती वेळा सापडले याचा तक्ता त्यातून मिळतो. हा तक्ता बहुधा लक्षावधी पेशींचा एकत्रित असतो, आणि तक्त्यावरून घडी सरळ वाचता येईल असे मानणाऱ्यांची फसगत येथेच होते. बदलापूरहून सुटणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये कोणत्या दोन प्रवाशांचे खांदे वर्षभरात किती वेळा एकमेकांना लागले याची यादी कुणी हातात दिली, तर त्यावरून कोणत्याही एका सकाळचा डबा रेखाटता येणार नाही. दोन माणसे रोज हातभर अंतरावर उभी राहत होती की एरवी दोन टोकांना असून अधूनमधून धडकत होती, हेही यादी सांगणार नाही. संपर्काची वारंवारता आणि सरासरी अंतर या निराळ्या राशी आहेत आणि त्यांच्यात एकास एक नाते नसते.

सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष अंतर मोजता येते, पण एका वेळी मोजक्याच स्थानांचे. एक साधन सर्वांची सरासरी सांगते आणि दुसरे थोड्यांचे तपशील. दोहोंमध्ये पूल बांधायचा तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: कोणत्या भौतिक नियमांनी हलणारी साखळी असेल, तर तिच्या हजारो आकृत्यांची सरासरी घेतल्यावर नेमका हाच तक्ता मिळेल? हा प्रश्न कागद-पेन्सिलीने सुटत नाही आणि परीक्षानळीतही सुटत नाही. तो संगणकाचाच प्रश्न आहे.

५. पवईत मांडलेले एक प्रतिमान

अशा प्रतिमानाचे काम जवळून पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत रंजित पडिन्हाटीरी यांचा गट अनेक वर्षे क्रोमॅटिनच्या भौतिकीवर काम करत आहे; पुण्याच्या आयसरमध्ये अप्रतिम चॅटर्जी यांच्या गटाने जिवाणूंच्या गुणसूत्राच्या घडीसाठी पॉलिमर प्रतिमाने वापरली आहेत. २०२० मध्ये किरण कुमारी, बुर्खार्ड ड्युनवेग, पडिन्हाटीरी आणि जे. रवि प्रकाश यांनी आयआयटी मुंबई व ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठ यांच्या सहकार्यातून प्रसिद्ध केलेला अभ्यास या लेखाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण त्याचा विषय ग्लोबिनच आहे: हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीचे, अल्फा ग्लोबिनचे, जनुकक्षेत्र.

सुमारे ५ लाख अक्षरांचे हे क्षेत्र ५० मण्यांच्या माळेत रूपांतरित केले जाते. प्रत्येक मणी १०,००० अक्षरांचा. लगतचे मणी स्प्रिंगने जोडलेले असतात, कोणतेही दोन मणी एकाच जागी बसू शकत नाहीत आणि भोवतालच्या पाण्याचे रेणू मण्यांना सतत यादृच्छिक धक्के देतात. या धक्क्यांमुळे होणाऱ्या हालचालीला ब्राउनीय गती म्हणतात. याखेरीज प्रत्येक दोन मण्यांमध्ये एक आकर्षण असू शकते, ज्याची तीव्रता आरंभी माहीत नसते. संगणक या माळेला हालू देतो, तिच्या असंख्य आकृत्या नोंदवतो आणि प्रत्येक जोडी किती वेळा संपर्कात आली हे मोजतो. प्रयोगात एखादी जोडी जितकी भेटते त्यापेक्षा माळेत कमी भेटली, तर त्या जोडीचे आकर्षण थोडे वाढवायचे. जास्त भेटली, तर कमी करायचे. आणि पुन्हा पहिल्यापासून माळ हलवायची. ५० मण्यांच्या माळेत अशा १,२२५ जोड्या होतात आणि एका जोडीचे आकर्षण बदलले की बाकीच्यांचे संपर्कही बदलतात, म्हणून ही फेरी वारंवार करावी लागते. प्रयोगाचा तक्ता आणि माळेचा तक्ता जुळल्यावर हाती जे येते, ते एकच चित्र नसून आकृत्यांचा समुदाय असतो आणि त्यातून तक्त्यात नसलेल्या गोष्टी, म्हणजे प्रत्यक्ष अंतरे, गोळ्याचा आकार, घनता, मोजता येतात.

हेच गणित दोन प्रकारच्या पेशींसाठी केले गेले, जनुक चालू असलेल्या आणि बंद असलेल्या. बंद अवस्थेत माळ घट्ट आवळलेली आणि चालू अवस्थेत ती फुललेली आढळली. मजकूर तोच, क्षेत्र तेच. वेगळी होती ती घडी. अशा प्रतिमानाला निव्वळ चित्रकला म्हणणाऱ्याने तक्त्यातून ती अंतरे दुसऱ्या कोणत्या मार्गाने काढणार, हे सांगायला हवे.

६. प्रतिमान चुकू शकते, यातच त्याचे बळ

प्रतिमानांविषयी सर्वांत प्रचलित अविश्वास असा की पुरेसे आकडे फिरवायला मिळाले तर संगणक काहीही जुळवून दाखवील. या क्षेत्राचा इतिहास मात्र नेमका उलट आहे. येथे प्रतिमाने जुळूनही बाद झाली आहेत.

पहिले उदाहरण ३० नॅनोमीटर जाडीच्या तंतूचे. न्यूक्लिओसोम नीट रचून असा सुबक तंतू बनतो, असे पाठ्यपुस्तकांनी दशकानुदशके शिकवले, कारण परीक्षानळीत तो दिसत होता. जिवंत पेशीच्या जवळच्या स्थितीत केलेल्या निरीक्षणांत मात्र तो सापडेना. २०१७ मधील एका महत्त्वाच्या अभ्यासात ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची अनियमित साखळीच दिसली. सुबकपणा गेला कुठे? याचे एक उत्तर त्याच वर्षी पवईहून आले: गौरव बजपई, मंदार इनामदार, पडिन्हाटीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रतिमानाने दाखवले की पेशीत विपुल असलेली, डीएनएला वाकवणारी इतर प्रथिने न्यूक्लिओसोममधल्या दुव्यांवर बसली की नियमित तंतूची रचना कोसळते. परीक्षानळीत ही प्रथिने नसतात, पेशीत असतात. प्रयोग आणि पाठ्यपुस्तक यांच्यातला विरोध येथे एका भौतिक कारणाने सुटतो.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २००९ च्या हाय-सी तक्त्यात असे दिसले की साधारण ५ लाख ते ७० लाख अक्षरांच्या टप्प्यात, अंतर दहापट झाले की संपर्काची शक्यता जवळपास दहापटीने घटते. मोकळ्या साखळीत ती सुमारे तीसपटीने घटायला हवी होती. हा आकडा ‘फ्रॅक्टल गोळा’ या प्रतिमानाशी सुरेख जुळला. ही कल्पना अलेक्झांडर ग्रोसबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच मांडली होती: साखळी गाठी न मारता, लहान चुरगळ्यांच्या मोठ्या चुरगळ्या करत आवळली जाते. पण २०१२ मध्ये गुणसूत्रे अंतर्गत संपर्क दाट असलेल्या खंडांत विभागलेली असल्याचे आढळले आणि २०१४ मध्ये सुमारे १०,००० वेटोळी मोजली गेली, ज्यांतील बहुतेकांच्या दोन्ही टोकांना सीटीसीएफ हे प्रथिन बसलेले होते आणि त्याच्या बैठकीच्या अक्षरांची दिशा बहुतांश ठिकाणी एकमेकांसमोर होती. फ्रॅक्टल गोळ्याला ना खंड सांगता येत होते, ना ही दिशा. जो आकडा जुळला त्याच्या जोरावर ते प्रतिमान टिकले नाही.

दिशेचे कोडे सोडवणारे प्रतिमान संगणकातच आकाराला आले. कोहेसिन हे कड्यासारखे प्रथिन डीएनएवर बसते आणि धागा दोन्ही बाजूंनी आत ओढत वेटोळे वाढवत नेते, समोर तोंड करून बसलेले सीटीसीएफ भेटले की थांबते, अशी मांडणी २०१५ आणि २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी केली आणि तक्त्यातील खंड, वेटोळी व दिशा ही तिन्ही वैशिष्ट्ये एकाच नियमातून निघून आली. तेव्हा धागा ओढणारे असे यंत्र कुणीही पाहिलेले नव्हते. २०१८ मध्ये डेल्फ्ट येथील सीस डेकर यांच्या गटाने कोहेसिनच्या भावंडाला, कंडेन्सिनला, एकट्या डीएनए रेणूवर वेटोळे ओढताना सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केले, सेकंदाला दीड हजार अक्षरांपर्यंतच्या वेगाने. २०१९ मध्ये कोहेसिनबद्दलही तेच दिसले. आधी गणित, मग दर्शन, असा हा क्रम आहे, आणि प्रतिमान हे प्रयोगाच्या मागून चालते या समजुतीला त्यात जागा उरत नाही.

७. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप तात्त्विक आहे. नियंत्रक क्षेत्र गळणे हाही अखेर अक्षरांचाच दोष आहे, सीटीसीएफची बैठकही अक्षरांनीच ठरते. मग घडी ही मजकुराचीच फलश्रुती झाली, तिला स्वतंत्र दर्जा कशासाठी? यातील अर्धा भाग मान्य केला पाहिजे: घडीचे कितीतरी संकेत मजकुरात आहेत. पण तो मजकूर सर्व पेशींत एकच असताना घडी निरनिराळी असते, हे अल्फा ग्लोबिनच्या उदाहरणात दिसलेच. शिवाय सीटीसीएफच्या बैठकीची तीच अक्षरे जागच्या जागी उलटी फिरवली तर वेटोळे मोडते किंवा भलतीकडे जुळते, हे २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. त्याच वर्षी बर्लिनच्या स्टेफान मुंडलोस यांच्या गटाने दाखवले की दोन खंडांमधली सीमा तुटल्यामुळे एका जनुकाचा वर्धक शेजारच्या खंडातील जनुकाला चालू करतो आणि बाळाच्या हाताची बोटे आखूड, जोडलेली किंवा जादा होतात. येथे कोणत्याही जनुकाचे वाक्य बिघडलेले नसते, बिघडते ते शेजार. संकेत अक्षरांत असले तरी त्यांचा अर्थ त्रिमितीतच लागतो.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो प्रयोगातूनच आलेला आहे. २०१७ मध्ये पेशींतून कोहेसिन झटकन काढून टाकले तेव्हा त्याच्यावर उभी असलेली वेटोळी जवळपास सगळी नाहीशी झाली. तरीही बहुतेक जनुकांच्या कामात फारसा फरक पडला नाही. पुढे २०२२ मध्ये उंदराच्या जिवंत मूलपेशींत एका वेटोळ्यावर पाळत ठेवली असता ते पूर्ण बांधलेल्या स्थितीत अवघा ३ ते ६.५ टक्के वेळच असते, असे आढळले. मग घडीचे एवढे माहात्म्य कशाला? घडीच्या समर्थकांनी हे निकाल झाकून ठेवू नयेत. त्यांतून एवढे खरोखर सिद्ध होते की प्रत्येक वेटोळे प्रत्येक जनुकासाठी निर्णायक नसते आणि ‘घडी बदलली, जनुक बदलले’ हे सरसकट सूत्र तितकेच उथळ आहे, जितके मजकुराचे. पण तो प्रयोग स्थिर अवस्थेतल्या कर्करोगपेशींवर काही तासांपुरता होता. पेशीला नवी जनुके चालू करायची असतात, उदाहरणार्थ दाहाला प्रतिसाद देताना, तेव्हा कोहेसिनची उणीव जाणवते, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. आणि वेटोळे क्षणिक असेल, तर घडी म्हणजे आकृती ही समजूत सोडून घडी म्हणजे शक्यतांचे वाटप असे मानावे लागते. क्षणिक भेटींतून टिकाऊ परिणाम कसा निघतो हा आज या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि तो निरीक्षण व प्रतिमान यांच्या जोडीखेरीज सुटण्याचा संभव दिसत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने आता थेट अक्षरांवरून संपर्काचा तक्ता वर्तवतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले अकिता हे साधन सुमारे १० लाख अक्षरे वाचून त्यांचा तक्ता देते. मग मणी आणि स्प्रिंग यांची खटपट कशाला? ही साधने उपयुक्त आहेत. एखाद्या रुग्णातील अनोळखी अक्षरभेद तक्ता बिघडवील का, याची पहिली चाळणी ती झटपट लावू शकतात. परंतु ती ज्या पेशींच्या तक्त्यांवर शिकली त्यांच्या पलीकडे त्यांचा भरवसा कमी होतो, आणि तक्ता वर्तवता आला म्हणजे तो का तसा आहे हे कळले असे होत नाही. कोहेसिनचा वेग निम्मा केला तर काय होईल, हे भौतिक प्रतिमानाला विचारता येते, कारण त्यात वेग नावाची राशी आहे.

८. गट निवडण्याची सक्ती

या सर्व विवेचनाचा एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो आणि तो महाराष्ट्रातील शिक्षणाला अडचणीचा आहे. दहावीनंतर विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला पीसीएम की पीसीबी असे विचारले जाते, राज्याची प्रवेश परीक्षाही याच दोन गटांत होते, आणि बहुसंख्य मुले सोळाव्या वर्षी गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एकाला कायमचा रामराम ठोकतात. डीएनएची घडी समजायला ज्या दोन विद्या एकाच डोक्यात असाव्या लागतात, त्या अशा रीतीने वेळेपूर्वीच तोडल्या जातात. आयआयटी आणि आयसर येथे ही तूट पुढे भरून निघते, पण ती थोड्यांची. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला पॉलिमरची साखळी आणि ग्लोबिनचे जनुक एकाच वर्गात भेटण्याची सोय नाही.

साधनांचा अभाव हे कारण येथे लागू पडत नाही. जगभरातील हाय-सी तक्ते विनामूल्य उपलब्ध आहेत, लॅम्प्स आणि ओपनएमएम यांसारख्या सिम्युलेशनच्या आज्ञावल्या खुल्या आहेत, आणि ५० मण्यांची माळ हलवायला महासंगणक लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला साधा संगणक पुरतो. मोठे गणित करायचे झाले तर पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे.

प्रतिमानामुळे थॅलेसेमियाच्या मुलाला उद्या रक्त चढवायचे टळणार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे; आजचा सर्वांत परिणामकारक उपाय विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी होणारी वाहक तपासणी हाच आहे आणि ती टाळण्याला कोणतीही सबब चालणार नाही. पण ज्या परिसरात हा आजार घराघरांतून माहीत आहे, त्या परिसरातील महाविद्यालयांनी निदान एक गोष्ट करावी: भौतिकी आणि जीवशास्त्र या दोन विभागांनी मिळून तृतीय वर्षासाठी एक प्रकल्प ठेवावा, ज्यात विद्यार्थी बीटा ग्लोबिनच्या क्षेत्राचा उपलब्ध तक्ता घेतील, त्याची माळ करतील आणि नियंत्रक क्षेत्र गळाल्यावर उरलेल्या माळेचे संपर्क कसे बदलतात हे स्वतः मोजतील. त्यासाठी नवा निधी लागत नाही, दोन प्राध्यापकांची संमती लागते.